दुर्बिणीतून न दिसलेलं

गुडघ्याच्या त्या ऑपरेशनला आमच्याकडे सगळे 'दुर्बिणीतून' म्हणतात. दोन बारीक भोकं, टाके नावाला, दुसऱ्या दिवशी घरी. माझं झालं तेव्हा लेक बालवाडीत होती. आठवड्याभरात मी फ्रीगंजमधल्या बँकेत कामावर हजर! पुढे वर्षानुवर्षं ही फुशारकी मी हळदीकुंकवात, लग्नामुंजीत, भेटेल त्याला ऐकवली.

परवा तीच माझ्या अंगाशी आली. बॅडमिंटन खेळताना लेकीचा गुडघा पिरगळला आणि आतली गादी फाटलीय असं निघालं. डॉक्टर म्हणाले, "फटा टुकड़ा निकाल दें तो जल्दी खेलने लगेगी. सिलाई भी हो सकती है, पर फिर महीनों सब्र." काय करायचं ते उद्यापर्यंत कळवा, म्हणाले.

पुढच्या महिन्यात तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. बाहेर पडल्या पडल्या ती म्हणाली, "काढूनच टाकू. तुझी पण काढलीच होती ना? आठवड्यात ऑफिस!"

माझ्या जिवाची नुसती तगमग. घरी आल्यावर गॅस पेटवला, बंद केला, बाल्कनीत गेले, परत आले. काढलेली गादी काही परत उगवत नाही हो! बरीच वर्षं गुडघा गुणी बाळासारखा वागला, मग हाडावर हाड घासायला लागलं. आता ऑटोतून उतरताना पाय आधी हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो. मेली दुर्बीण म्हणे लांबचं बघायला असते! माझ्या गुडघ्यात घातली, पण लांबचं कुणालाच दिसलं नाही.

हे सगळं लेकीला सांगितलं तर म्हणते कशी, "ते वयामुळे गं आई. बेकार में टेन्शन नको घेऊ."

वय! माझी थोरली जाऊ अजून जमिनीवर बसून पुरणपोळ्या लाटते. माझं डोकंच सणकलं. भैरवगढची छापील चादर फरशीवर अंथरली आणि तिच्यासमोर मांडी घालायला बसले. पाय दुमडताना गुडघा कटकन वाजला. तो आवाज तिलाही ऐकू आला.

"काय करतेयस? ऊठ ना."

"नाही येत उठता. बघ."

नाटक वाटून ती हसली. मी हात टेकले, जोर लावला, पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं आणि रागाचंही. तेव्हा ती लंगडत आली, मला उचलायला वाकली, तर तिचाही गुडघा वाकेना. शेवटी भिंत धरून, पाय लांब करून माझ्या शेजारीच बसली.

"आता बाबा येईपर्यंत आपण इथेच?"

"इथेच."

थोड्या वेळाने तिने फोन लावला. आवाज रडवेला झाला होता.

"सर, सिलाई ही कर दीजिए," ती म्हणाली. "हाँ, पता है. सिलेक्शन जाने दीजिए."