दम चोरून पळणं

माझा स्वतःचा श्वास मी पहिल्यांदा नीट ऐकला तो हेडफोनमधून, आणि मला वाटलं बूथमध्ये आणखी कुणीतरी बसलंय.

अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत होतो. काम काय, तर मसाल्याच्या जाहिरातीत बटाट्याचा आवाज. मी असेच छोटे-मोठे आवाज देतो. बटाटा, पोपट, चिडका शेजारी, गर्दीतला कुणीतरी. ओळी दोनच होत्या. बोललो, झकास झालं असं वाटलं, तर काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मोठ्या, तुझा श्वास येतोय रे माईकवर."

"का, बटाट्याने श्वास घ्यायचा नाही?"

"घ्यायचा, पण बटाट्याला दमा नसतो ना. ऐक तूच."

त्याने वाजवून दाखवलं. दोन ओळींच्या मधे आधी बारीक शिट्टी, मग खर्रर्र. मी खुर्चीवर नुसता बसून होतो, आणि आवाज असा की कुणीतरी तांदळाची गोणी घेऊन जिना चढतंय. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण तो तुकडा परत वाजवू नको म्हणालो.

कारण माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी एस.टी. पकडायला पळताना गेले. गाडी सुटत होती, कंडक्टरने दार उघडं धरलं होतं. पायरीवर एक पाय ठेवला आणि ते खाली बसले, ते बसलेच. मी तिसरीत होतो. वडीलही माझ्यासारखेच होते, उंचीपेक्षा रुंदीला जास्त.

आमचं गाव कराडच्या बाजूचं, तालुक्याचं. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. वडिलांचे दिवस झाले आणि आई शाळेत आली, थेट मैदानावर, आणि पी.टी.च्या सरांना म्हणाली, "माझ्या पोराला पळवायचं न्हाई. काय वाट्टेल ते करा, पळवायचं न्हाई." सरांनी मान डोलावली. दहावीपर्यंत मी पी.टी.च्या तासाला लिंबाखाली बसून होतो. बसून करणार काय? पळणाऱ्यांच्या नकला. सरांची शिट्टी, हेडमास्तरांचा खोकला, शिपायाचं घसा खाकरणं. तास संपला की पोरं घामाघूम होऊन माझ्याकडे यायची, "आज कुणाचं केलंस? दाखव की रं!" हसणारे वाढत गेले आणि मीही वाढत गेलो. मुंबईत आलो तेव्हा वजनकाट्याचा आकडा शंभराच्या पुढे होता, आणि मी त्यावरही एक आयटम बसवला होता.

बटाट्याच्या दुसऱ्या दिवशी चारकोपच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हाताला पट्टा बांधला, फुगवला, कपाळाला आठ्या घातल्या, परत फुगवला. "घरात कुणाला हार्टचा त्रास?" मी वडिलांचं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाले, "वजन उतरवलंच पाहिजे. आधी एक स्ट्रेस टेस्ट करून घ्या. ती ठीक आली की चालायला लागा, मग हळूहळू धावा."

बाकीचं मला ऐकूच आलं नाही. धावा म्हणे. बसून राहिलो तर मरणार, आणि त्यावर औषध म्हणून ते करायचं, ज्याने वडील गेले. टेस्ट मी केली नाही. टेस्टमध्ये काही निघालं असतं तर? चिठ्ठी पाकिटात घातली आणि महिनाभराने परस्पर धावायलाच गेलो. अक्कल बघा माझी.

आमच्या सेक्टरच्या गार्डनमध्ये सकाळी एक रनिंग ग्रुप जमतो. कोच सर पन्नाशीचे, काटकुळे, सायकलवरून बाजूबाजूने येणारे. बाकी रिटायर झालेले काका, आयटीतली पोरं, आणि एक मालवणी काकू. काकू पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घालून सगळ्यांच्या मागे असायच्या. त्यांचे मिस्टर मिलमध्ये होते, मिल गेली तशी काकूंनी पोळ्यांचं काम धरलं, आणि आता गुडघे वाचवायला पळतात. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "झिला, तू माझ्यासोबत मागसून येशात तर माका बरा. माझ्यापेक्षा हळू कोण तरी होया मां!"

सरांचा नियम एकच. पळताना बोलता आलं पाहिजे. ते सायकल शेजारी आणायचे आणि विचारायचे, "काल रात्री काय जेवलास?" अख्खं वाक्य एका दमात आलं तर चालू ठेव. तुटक तुटक आलं, म्हणजे "भात... आणि... आमटी", तर लगेच चालायला लाग. शरीर खोटं बोलत नाही, असं सर म्हणायचे.

बोलणं हेच तर माझं काम! बटाट्यानंतर मी दुसरं काही केलंच नव्हतं. श्वास माईकवर येऊ नये म्हणून तोंड वळवून चोरटा घोट घ्यायचा, पोट आत ओढून धरायचं, आणि उरलेल्या चिमूटभर हवेवर अख्खी ओळ पार करायची, हे महिनाभर स्टुडिओत घटवलं होतं. काम टिकवायचं तर इलाज नव्हता. त्यामुळे सर शेजारी आले की डोळ्यांसमोर काजवे असले तरी मी सरांच्याच आवाजात, नाकातून, "काल रात्री दोन भाकरी आणि मेथीची भाजी, आणि सर, हॅन्डलवरचा हात सोडू नका, पडाल!" असं सणसणीत वाक्य फेकायचो. पुढचे मागे वळून हसायचे. सरही हसायचे. "याला काही धाड नाही. घे रे पुढच्या ग्रुपमध्ये."

असा मी पुढे पुढे गेलो. छाती आतून लाथा मारायची. पळताना मी मनगटावर बोट ठेवायचो आणि लगेच काढायचो, कारण तिथे जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. वजन मात्र उतरत होतं, ते खोटं नाही. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडली. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "अरे, अर्धा कुठे ठेवून आलास?" फोनवर आई विचारायची, "आवाज बारीक का येतोय रं? जेवत न्हाईस का?" मी म्हणायचो, "जेवतो गं, चालायला जातो फक्त." पळतो हे तिला सांगायची हिंमत नव्हती. रोज सकाळी बूट घालताना लेस दोनदा बांधायला लागायची. मग कुणीतरी म्हणायचं, "कर ना रे ते काकूंचं," आणि मी करायचो, आणि लागायचो पळायला.

मग आला मढचा रविवार. सरांनी ठरवलं, मार्व्यापासून मढपर्यंत लांब रन. जाताना बोंबलाचा वास, दोन्ही बाजूंना नारळ, मधेच शूटिंगचे बंगले. ऊन यायच्या आत पोचायचं म्हणून पुढच्या ग्रुपने वेग धरला. अक्साच्या पुढच्या चढावर माझ्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. सगळे आवाज लांब गेले. डाव्या हाताला मुंग्या आल्या. तेवढ्यात सर सायकल घेऊन शेजारी. "बोल राजा, काय जेवलास?"

मी काकूंचा आवाज काढला. "माश्याची कढी नि भात, सरांनू, तुमका काय त्याचा?" अख्खं वाक्य. शेवटच्या शब्दाला आत हवा शिल्लकच नव्हती. सर हसत पुढच्यांकडे निघून गेले. वळणावरून ते दिसेनासे झाले आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

श्वास आत येईना. अर्धा यायचा आणि गळ्याशी अडायचा. अंगावर थंड घाम. मला एवढंच दिसत होतं, एस.टी.ची पायरी. म्हटलं, बसायचं नाही. वडील बसले आणि गेले. बसायचं नाही. आणि तेवढ्यात समोर हॉस्पिटल दिसलं. खोटं नाही सांगत. बंगल्याच्या गेटवर मोठ्ठा बोर्ड, लाल प्लस, आत अॅम्ब्युलन्स उभी. मी भिंतीला धरून धरून गेटपाशी गेलो. वॉचमनने मला पाहिलं आणि घड्याळ पाहिलं.

"लवकर आलास. पेशंट लोकांना नऊला बोलावलंय."

मी छातीवर हात ठेवला. "डॉक्टर..."

"डॉक्टर मेकअपला बसलेत." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "मस्त करतोस रे! घामबीम एकदम ओरिजिनल."

तेव्हा मागे जनरेटरची व्हॅन दिसली, आणि नर्सच्या कपड्यात चहा पिणाऱ्या दोन पोरी. सिरियलचं शूटिंग. बोर्ड थर्माकोलचा. माझी टरकली म्हणजे अशी टरकली! मला ओरडायचं होतं की अरे मी खरंच मरतोय, पण त्यासाठी कुठला आवाज काढायचा तेच सुचेना. घाबरलेला म्हातारा, रडणारं पोर, सगळे आवाज येत होते. माझाच तेवढा येत नव्हता. मी गेटच्या कडेला खाली बसलो.

काकू सगळ्यांच्या मागे होत्या, म्हणून वाचलो. त्या आपल्या डुलत डुलत आल्या, मला पाहिलं, आणि आधी हसल्याच. "काय रे, हय पण माझीच नक्कल?" मग माझ्या ओठांकडे पाहिलं आणि हसू गेलं. खाली बसल्या, माझा हात हातात धरला. "खय दुखता? छातीत?"

मी मान हलवली. हो की नाही ते मलाच कळलं नाही.

"बोलू नको. गप रव. माझ्या हाताकडे बघ." दुसऱ्या हाताने त्यांनी फोन लावला. "सर, मागे या. पोरगा बसलाय. नाय, नाय, मस्करी नाय करत. मी सांगते ना, या लवकर!"

त्यांचा स्वतःचा हातही कापत होता. ते बघून मला आणखी भीती वाटली, आणि जरा बरंही वाटलं, कसं ते विचारू नका. वॉचमनने पाणी आणून दिलं आणि चारदा सॉरी म्हणाला. सर आले, रिक्षा थांबवली. रिक्षात त्यांनी विचारलं, "अरे, आत्ता तर धडधडीत बोललास माझ्याशी?"

"चोरून बोललो." हे दोनच शब्द, आणि त्यांच्या मधेही मला थांबावं लागलं. सरांनी रिक्षावाल्याला मार्व्याच्या दवाखान्याकडे घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, आत्ता अटॅक नाही दिसत, प्रेशर मात्र भयंकर आहे, उद्याच्या उद्या कार्डिओलॉजिस्टला दाखवा. कार्डिओलॉजिस्टनी गोळ्या सुरू केल्या, प्रेशर खाली येऊ दिलं, आणि मगच ती टेस्ट लिहून दिली. पाकिटातली जुनी चिठ्ठी एव्हाना घामाने मऊ झाली होती, ती मी कुणाला दाखवली नाही.

बोरिवलीच्या सेंटरमध्ये छातीवरचे केस जागोजागी भादरून वायरी चिकटवल्या. समोर चालायचा फिरता पट्टा. मशीन लावणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. बाजूला डॉक्टर स्क्रीनकडे बघत उभे. ती म्हणाली, "दर थोड्या वेळाने चढ वाढेल. मी विचारेन तसं खरं सांगायचं. आणि दांडी घट्ट धरू नका."

मी दांडी घट्ट धरली. पट्टा सुरू झाला. पहिला चढ गेला. दुसऱ्या चढाला तोंड कोरडं पडलं. कागदावर माझ्या छातीची रेघ सरसर बाहेर पडत होती आणि मला ती वाचता येत नव्हती. डॉक्टर जरा पुढे वाकले की मी संपलोच असं वाटायचं.

"त्रास होतोय?"

जिभेवर बटाटा तयार होता. देवाशप्पथ. पोट आपोआप आत गेलं, तो चोरटा घोट घ्यायला. मी पोट सोडलं. खर्रर्र असा श्वास बाहेर आला, अख्ख्या खोलीत ऐकू जाईल असा.

"होतोय," मी म्हटलं. "पाय... भरून आलेत. दम... लागलाय. छातीत... नाही दुखत. भीती... खूप वाटतेय."

"भीती सगळ्यांनाच वाटते," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "चढ वाढवू?"

डॉक्टरांनी मान डोलावली. मी "वाढवा" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, डोळे उघडा, पडाल.

हृदय ठीक होतं. निदान आत्ता तरी, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं ते 'आत्ता तरी' मी घरी घेऊन आलो. गोळ्या चालू, मीठ कमी, आणि पळायचं, पण श्वास न दाबता. आता मी मागे काकूंसोबत असतो. सरांनी विचारलं की तुटक बोलतो आणि चालायला लागतो. पुढचे कधी कधी ओरडतात, "कर ना रे काहीतरी!" पण पळताना मी करत नाही. अजून कुठे छातीत जरा चमकलं की थांबून उभा राहतो, गॅस असला तरी.

रिपोर्ट आल्यावर आईला फोन केला. सगळं सांगितलं. पळतो ते, मढचं ते, टेस्टचं. तिकडून आवाजच येईना. मला वाटलं कट झाला.

"आई?"

"हाय मी." मग म्हणाली, "दम लागतो का रं?"

"लागतो."

"मग काय करतोस?"

"थांबतो. चालतो. लोक पुढे जातात."

"जाऊ दे की." मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला असावा. "बंद कर म्हटलं तरी तू काय बंद करायचा न्हाईस."

"डॉक्टरच म्हणालेत, पळ म्हणून."

"व्हय. तवा असं कर. पळून आलास की फोन कर मला. जायच्या आधी सांगू नगंस. आधी सांगितलंस तर तेवढा येळ माझ्यानं हातात काय धरवायचं न्हाई."

मी तसंच करतो. जाताना सांगत नाही. रविवारी परत आलो, बूट दारात काढले की घाम पुसायच्या आधी फोन लावतो. अर्धी रिंगसुद्धा पुरी होत नाही, ती उचलते.