मुलगी बघायला, डिकीत गोळा घेऊन

"रविवारी आजऱ्याकडे मुलगी बघायला जातोय," असं जिन्यात बोलून बसलो आणि शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अगंबाई! मुलगा आठवीत ना तुमचा?" तिथंच सावध व्हायला हवं होतं.

तर खुलासा. माझी बायको सुमन पुण्यात मुलींच्या क्रीडा वसतिगृहात गोळाफेक शिकवते आणि दर उन्हाळ्यात गावोगाव फिरून दणकट मुली हुडकते. त्याला ती 'मुलगी बघणं' म्हणते. मी ड्रायव्हर. पगार नाही, सूचना भरपूर.

खंबाटकीच्या प्रत्येक वळणाला डिकीतला गोळा या कडेवरून त्या कडेला धडकत होता. "जरा जपून, लागेल त्याला," सुमन म्हणाली. त्याला!

कोल्हापुरात मिसळ खाल्ली. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, 'तिखट कमी' म्हणू नये. मी म्हटलं. वाढप्या म्हणाला, "पावणं, तिखट कमी हुत न्हाय. पाव जास्त घ्या."

पुढे संकेश्वरवरून गडहिंग्लज. पेट्रोल इथंच भरा. इथपर्यंत रस्ता आहे, पुढे रस्त्याच्या आठवणी आहेत. आजरा आलं की काजू भाजल्याचा वास सोबतीला येतो. परतताना घनसाळ तांदूळ घ्या, नाहीतर घरी काय सांगणार?

आजऱ्यापलीकडच्या त्या वाडीत शिरलो, तर अंगण ताजं सारवलेलं, सतरंजी अंथरलेली, पोहे तयार. मुलीच्या वडिलांनी, आप्पांनी, मला मधोमध बसवलं.

"मुलगा न्हाय आणला?"

"परीक्षा आहे त्याची," मी खरं तेच सांगितलं.

"अजून शिकतोय? काय शिकतोय?"

"आठवीत आहे."

आप्पांनी माझ्यापुढची पोह्यांची बशी जरा मागं ओढली. "किती वेळा बसलाय आठवीला?"

तेवढ्यात मुलगी साडी नेसून चहा घेऊन आली. सुमननं कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, "दंड दाखव बघू. आता जरा गुडघ्यात वाक." आतल्या बायकांचा श्वास बाहेर ऐकू आला.

मुलगी, अश्विनी, फिसकन हसली. "आप्पा, ह्या खेळाच्या बाई हायत. शाळेच्या सरांनी निरोप दिल्ता, पुण्याची माणसं मुलगी बघायला येणार म्हणून. मी तेवढाच तुमास्नी सांगितला. सगळं सांगितलं असतं तर घरात थांबला असतासा व्हय?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग सुमनला म्हणाले, "बाई, चार ठिकाणची माणसं बघून गेली. हात लई आडवं म्हणत्यात. सगळी 'कळवतो' म्हणून गेली. बारावी झाली, आता मामाच्या पोराला द्यायची ठरतीया."

"मला न्हाय करायचा त्यो," अश्विनी म्हणाली. पदर खोचला, डिकीतला गोळा उचलला, मानेला टेकवला आणि फेकला. गोळा अंगण, उकिरडा आणि कुंपण ओलांडून काजूखाली पडला. सुमन पावलं मोजत कुंपणापर्यंत गेली आणि मोजतच परत आली. लग्नानंतर तिला सूचना न देता चालताना मी प्रथमच पाहिलं.

"मग, पसंत हाय का?" आप्पांनी विचारलं.

निवड शेवटी वसतिगृहाची समिती करते. त्यामुळे सुमनला एकच शब्द मोकळा होता. "कळवते."

"झालं," आप्पा म्हणाले. "ही पाचवी."

सुमन लाल झाली. काजूखालून गोळा आणला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला. "हा माझा आहे. पहिलं पदक याच्यावर मिळालं. इथंच राहू दे. मी याला कायमचं टाकून जाणारी बाई नाही."

"आणि मामाला काय सांगू?"

"सांगा, पुण्याची बोलणी चालू आहेत."

परतताना खंबाटकीत डिकी चिडीचूप. सुमननं दोनदा मागं वळून बघितलं. तांदूळ विसरलाच होता.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास दाराची बेल वाजली. आप्पा, अश्विनी, एक ट्रंक आणि पंच्यात बांधलेला गोळा. एसटीच्या कंडक्टरला तो कलिंगड वाटला होता म्हणे. गॅलरीतून काकू, "अगंबाई, आणलीत पण?"

"हो," सुमन म्हणाली. "कळवलं होतं."

आमचा आठवीचा दिवटा दात न घासता दारात येऊन उभा राहिला. आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोळा माझ्या हातात देत म्हणाले,

"ह्यो व्हय नवरा मुलगा? बरं झालं पावणं, पोर खेळात गेली."