पांढऱ्या पट्ट्यांचं गवत

नोकरीतून सुटलो आणि घरात मला काम सांगणारं कुणी उरलं नाही. "बाबा, तुम्ही बसा," हे सूनबाईचं आवडतं वाक्य. बसा म्हणजे काय? मी काय पाहुणा आहे? नागावातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या तिनं पर्यटकांसाठी सजवल्या, तेव्हाही मी बसलेलोच होतो.

न्हाणीचं पाणी मागच्या अंगाला मुरतं, तिथं बारा महिने चिखल. त्या दिवशी ती सामान आणायला अलिबागला गेली होती. मी सहज मागे गेलो, तर चिखलात हातभर गवत उभं आणि पात्यांवर लांबच लांब पांढरे पट्टे! माझा जन्म भातशेतीतला. पात पांढरी पडली की रोप रोगट, आणि रोगट रोप उपटायचं, शेजारच्याला लागायच्या आत. लुंगी खोचली आणि तासाभरात सगळं बेणून काढलं. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे मुळं वर करून उन्हात टाकलं, म्हणजे पुन्हा जीव धरायला नको. किती दिवसांनी कंबर दुखली! बरं वाटलं.

सून आली.

"बाबा, ते शोभेचं गवत होतं. पट्टे असतातच त्याला. किती रोपवाटिका हिंडून आणलं होतं मी."

एवढंच बोलली आणि पायरीवर बसून रडायला लागली. शनिवारी पहिले पाहुणे यायचे होते.

"गवत ते गवत! त्यात रडायचं काय?" मी उलट तिच्यावरच खेकसलो. चूक माझी असली की माझाच आवाज चढतो, ही खोड जुनी.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," बायको आतून म्हणाली. लागलं ते. खरं सांगतो, मला भीती वाटली. आता सून मला जन्मभर बसवूनच ठेवणार.

मुळं चाचपली. थोडी ओल होती. शेंडे छाटले, सगळं बादलीत भिजत घातलं आणि ऊन कलल्यावर लावणीला उतरलो. थोड्या वेळानं सूनही सलवार वर खोचून चिखलात आली. रोप अंगठ्यानं कसं दाबायचं ते तिला दाखवलं.

"जगेल?"

"सांगता येत नाही." खोटं बोलायची हिंमत नव्हती.

शनिवारी पाहुण्यांना मागे नुसते खुंट दिसले. हे काय, असं त्यांनी विचारलं. "नवी लावणी केलीय," सून म्हणाली. माझी चूक तिनं सांगितली नाही, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा-बारा दिवसांनी खुंटांतून पाती फुटली. वाकून पाहिलं, तर पट्टे!

"अगं ए, ये लवकर, रोग आला!" मी ओरडलो. सून धावत आली आणि पोट धरून हसली.

रविवारी ती आणखी गवत आणायला निघाली. स्कूटर चालू करून फाटकात थांबली.

"काय विसरलीस?" मी ओटीवरून विचारलं.

"तुम्हाला," ती म्हणाली. "चला ना लवकर."