मुरायला ठेवलेली कणीक

बाळांनो, तुमच्या आईनं परवा तुमच्या शाळेच्या सहलीचं माहितीपत्रक मला फोनवर पाठवलं आणि खाली विचारलं, "पाठवू का दोघांना?" सकाळी सेवा, दुपारी संस्कृती, मधे जेवण. चंदीगडला दोन दिवस मुक्काम आहे, म्हणजे आजीच्या वाट्याला एक संध्याकाळ. पहिल्याच पानावर तुमच्या वयाची एक मुलगी एका पंजाबी म्हातारीला मिठी मारून हसते आहे. म्हातारी हसत नाहीये. मिठी हवी का, असं तिला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण कारण सांगितल्याशिवाय 'नको' म्हटलेलं तुम्हाला चालत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून आज सकाळची कामं आटपून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिताना मी उगाच सभ्य होते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्याचा तो परिणाम. अडेल तिथे आईला विचारा.

चंदीगडला लागून असलेल्या खरडला राहणारी माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला तुमच्या खिशांत पिन्नीचे लाडू कोंबणारी ती. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. ती पंजाबी शिकवायची, मी इंग्रजी. ती मला भैणजी म्हणते आणि मीही तिला भैणजीच म्हणते. तुमच्या आजोबांची सेक्टर ३९ मधल्या संस्थेतली नोकरी संपली तेव्हा आम्ही शहरातच राहिलो, ती नवरा-बायको मात्र खरडला घर बांधून गेली. तेव्हा तिथे गव्हाची शेतं होती. आता फ्लॅट आहेत आणि कॉलेजांच्या पाट्या आहेत. पण तिच्या गल्लीच्या टोकाचा छोटा गुरुद्वारा तसाच आहे. तिचा नवरा निवृत्त झाल्यापासून रोज तिथे जायचा आणि पंगतीत रोटी वाढायचा. एरवी माणूस अबोल. वाढताना मात्र सारखं म्हणायचा, "गरम है जी, गरम है."

तो गेला त्याला दोन हिवाळे झाले. त्यांच्यात शेवटी भोग असतो. आपल्या तेराव्याच्या जागी समजा. गुरु ग्रंथ साहिबांचा पाठ पूर्ण होतो, कीर्तन होतं, सगळे उभे राहून अरदास म्हणजे प्रार्थना करतात आणि मग येईल त्यानं पंगतीत बसून जेवायचं. दोन्ही मुलगे कॅनडाहून आले होते. त्यांनी येता येताच जेवणासाठी एक मॅरेज पॅलेस, म्हणजे मंगल कार्यालय, बघून ठेवला होता.

"बीजी, इतकी माणसं येणार. रोट्या लाटणार कोण?" धाकटा म्हणाला. "आणि लोक काय म्हणतील? बापाच्या भोगाला दाल-रोटीवर भागवलं?"

"जिन्होंने उनके हाथ की रोटी खाई है, वही आएंगे," ती म्हणाली. "पनीर खाने कोई नहीं आ रहा. रोटी गुरुद्वारे में ही पकेगी, गरम मिलेगी. बाहर से एक दाना नहीं आएगा."

"आणि कमी पडल्या तर?" धाकट्यानं विचारलं.

"तो तू फोन कर लेना. पर पहले मैं मर जाऊं."

"बीजी!"

"अच्छा, बैठ. चाय पी."

तिचं सगळं चित्त त्या एका जेवणात होतं. नवऱ्यासाठी तिला दुसरं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. धाकट्यानं चहा घेतला, पण केटरिंगवाल्याचा नंबर फोनमध्ये तयार ठेवला. तेही मी पाहिलं.

अडचण खरी होती. गुरुद्वाऱ्यात रोज रोट्या लाटणाऱ्या बायका सगळ्या तिच्याच मैत्रिणी. त्या दिवशी त्यांनी तिच्याजवळ दरबारात, म्हणजे पाठाच्या दालनात, बसायचं होतं. मग स्वयंपाकघरात कोण? आणि नेमकी त्याच आठवड्यात पुण्याहून एक बस आली.

बसमध्ये माझ्या चुलत भावाची बायको होती, म्हणून मला कळलं. सगळे निवृत्त, खाऊनपिऊन सुखी, पायांत नवे बूट. डोक्यावर पिवळ्या टोप्या, त्यांवर 'सेवा आणि संस्कृती' असं छापलेलं. पुढारी एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना सगळे सर म्हणायचे. अमृतसरला त्यांनी अर्धा तास लोकांचे जोडे सांभाळले होते आणि त्याच्या गोष्टी ते दोन दिवस सांगत होते. खरडजवळच्या एका शाळेची भिंत त्यांनी रंगवली. तीच भिंत महिन्यापूर्वी दुसऱ्या एका गटानं रंगवली होती. मुख्याध्यापकांनी मुद्दाम तीच दिली. बाकीच्या भिंती त्यांना धड हव्या होत्या.

वहिनींकडून सरांना भोगाचं कळलं आणि त्यांचा मला फोन आला.

"ताई, आम्ही येतो लंगर करायला. हे म्हणजे अगदी ऑथेंटिक होईल!"

"सर, माणूस गेला आहे तिथे."

"हो हो, आम्ही शांतता पाळू."

"आणि पंगती उठेपर्यंत थांबावं लागतं. मधेच उठून जायचं नसतं."

"ताई, इतके हात आहेत आमच्याकडे! तुम्ही काळजी सोडा."

मी मैत्रिणीला सगळं जसंच्या तसं सांगितलं, टोप्यांसकट. ती म्हणाली, "आने दो, भैणजी. सेवा से किसी को मना नहीं करते." स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाबाजींनीही मान डोलावली आणि बायकांना निरोप पाठवला की तुम्ही दरबारात बसा, रोट्यांची सोय झाली आहे.

भोगाच्या दिवशी मी सकाळीच पोचले. डाळ शिजत होती, भाजी आणि खीर झाली होती, मोठ्या परातींत कणीक भिजवून तयार होती. नुसती लाटायची होती. बस आली, टोप्या उतरल्या, डोक्यांवर रुमाल बांधले गेले, आणि रुमाल कसे दिसतात याचे फोटो झाले. मग वहिनी परातीजवळ गेल्या आणि बोटानं कणीक दाबून पाहिली.

"ही कणीक?" त्या म्हणाल्या. "अगं, तेलाचा हात नाही. मीठ नाही. हिच्या पोळ्या काय होणार?"

"पोळ्या नाहीत वहिनी, रोट्या. इथे अशाच करतात. जाड लाटायच्या आणि तव्यावर टाकायच्या."

"टाकायच्या काय! गोवऱ्या आहेत का?" बाकीच्या बायका हसल्या. "बिचाऱ्यांना आज आपल्या हातची घडीची पोळी खाऊ दे. कळेल तरी त्यांना मऊ म्हणजे काय असतं."

"वहिनी, शेकड्यांनी माणसं जेवणार आहेत."

"तू मास्तरीण आहेस, तुला पोळ्यांतलं काय कळतं? घरी तुझ्याकडे बाईच करते ना?"

खरं होतं, घरी बाईच करते. मी बाबाजींकडे पाहिलं. ते हात जोडून म्हणाले, "सेवा है जी, करने दो." मैत्रिणीनं मला बोलावणं पाठवलं होतं, मी दरबारात जाऊन तिच्या शेजारी बसले.

पुढचं मला नंतर तुकडे जोडून कळलं, पण ते असं झालं. त्यांनी सगळ्या परातींतली कणीक पुन्हा तिंबली. तेल घातलं, मीठ घातलं, तळहातांनी मळली. बायका हुशार होत्या, हातात कसब होतं, यात वाद नाही. मग त्यांनी थोड्या पोळ्या लाटल्या, तेल लावून, पीठ भुरभुरून, दोन घड्या घालून, त्रिकोणाचा गोल करत. एकेक पोळी पातळ आणि सुरेख. लंगरचा तवा पलंगाएवढा असतो. त्याच्याभोवती उभं राहून माणसं लांब उलथन्यांनी रोट्या उलटतात. त्या तव्यावर ह्या पोळ्या फाटायला लागल्या. तेव्हा वहिनींनी निदान केलं की कणीक अजून मुरली नाही. मुरू द्यायला हवी. म्हणून सगळ्या पराती ओल्या फडक्यांनी झाकून ठेवल्या. घरी आपण तसंच करतो, तेवढ्या वेळात भाजी फोडणीला टाकतो. ह्यांना फोडणीला टाकायला काहीच नव्हतं, म्हणून फोटो काढले.

आणि तेवढ्यात सरांनी घड्याळ पाहिलं. चंदीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा-हायकोर्टाच्या त्या प्रसिद्ध इमारती, बघण्याची त्यांची वेळ ठरलेली होती. तिथे उशीर केला तर आत सोडत नाहीत. ते सगळे बसमध्ये चढले. बाबाजी तेव्हा अरदाससाठी दरबारात आले होते. जाताना सरांनी जोडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं, "तैयारी पूरी कर दी है." त्यांना ते खरंच वाटत होतं, ही त्यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट. त्यांच्या हिशेबानं भिजवणं, तिंबणं, झाकणं एवढं झालं की स्वयंपाक झालाच. उरलेलं कोणीतरी करतंच. आयुष्यभर कोणीतरी केलंच होतं.

अरदास झाली. लोक उठून लंगरच्या सतरंज्यांवर ओळीनं बसले. थाळ्या आल्या, डाळ आली, भाजी आली. रोटी आली नाही. लंगरमध्ये रोटी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतात, थाळीत टाकून घेत नाहीत. पहिल्या ओळीतली माणसं ओंजळ करून बसली होती आणि वाढणारा येत नव्हता. ओळीभर पसरलेले ते रिकामे हात मला अजून दिसतात.

आम्ही आत गेलो तर तवा तापून धुरकटलेला, पराती झाकलेल्या, आणि रोट्यांच्या बाजूला चिटपाखरू नाही. बाबाजी तव्याखालचा जाळ कमी करायला धावले. माझ्या तोंडून मराठीत जे निघालं ते इथे लिहीत नाही.

धाकट्यानं फोन काढला. "बीजी, आता बस झालं. अर्ध्या तासात नान येतील. कोणाला कळणार पण नाही."

मैत्रिणीनं ओलं फडकं उचललं. कणीक बोटावर घेऊन चाखली.

"नमक किसने डाला?"

"माझ्या माणसांनी," मी म्हणाले.

"तुम्हारे लोग रोटी को सुलाते हैं, भैणजी?" तिनं विचारलं. आणि त्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. मग पांढरी ओढणी कानांमागे खोचली आणि लाटायच्या फळीपाशी खाली बसली.

"बीजी, तुम्ही नाही," थोरला म्हणाला. "आज तुम्ही बसायचं असतं. लोक काय म्हणतील?"

"लोगों के हाथ खाली हैं. तेरे पापाजी होते तो तेरा फोन तवे पर रख देते. चल, चिमटा पकड़."

तिनं गोळा घेतला, पिठात दाबला, लाटला, तव्यावर टाकला. जाड, वेडीवाकडी, पण रोटी. दरबारातून तिच्या मैत्रिणी आल्या आणि फळीच्या दोन्ही बाजूंनी बसल्या. मीही बसले. माझ्या रोटीला कोपरे होते, ते कोणी पाहिले नाहीत. धाकट्यानं फोन खिशात घातला, रोट्यांची टोपली उचलली आणि बाहेर गेला. मी दारातून ऐकलं. बापासारखा आवाज नाही त्याचा, पण म्हणत होता, "गरम है जी."

थंड डाळ घेऊन बसलेल्यांपैकी एकही माणूस उठून गेला नव्हता. पंगती उन्हं उतरेपर्यंत चालल्या. एक म्हातारे सरदारजी जाताना म्हणाले, "आज रोटी में नमक था, बहुत नरम थी." कणीक खरंच उत्तम मुरली होती. एवढं श्रेय मी वहिनींना देते.

संध्याकाळी गटाचे फोटो आले. कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या त्या उंच उघड्या हाताच्या शिल्पाखाली सगळे आपापले हात उघडून उभे. खाली वहिनींनी लिहिलं होतं, 'आज अन्नदान केलं, मन भरून आलं.' पाठोपाठ सरांचा फोन.

"ताई, सगळं छान झालं ना? एक छोटं काम होतं. गुरुद्वाऱ्याच्या लेटरहेडवर प्रत्येकाला सेवेचं प्रमाणपत्र मिळेल का? आमच्याकडे मजकूर तयार आहे."

"सर, तुम्ही किती जणांना जेवायला घातलंत?"

"आम्ही तयारी केली ना ताई. संख्या तुम्ही अंदाजे टाका."

मी फोन ठेवला. वहिनींशी माझं बोलणं आहे, लग्नामुंजीला भेटतो. त्यांना अजून वाटतं की पंजाबी लोकांना त्यांनी मऊ पोळी दाखवली.

तेव्हा तुमच्या सहलीला माझं उत्तर नको असं आहे. यायचं तर सुट्टीत दोघंच या, माझ्याकडे राहा, कंटाळा येईपर्यंत राहा. खरडला घेऊन जाईन. तिथे फळीपाशी बसवतील आणि शेवटची पंगत उठेपर्यंत उठू देणार नाहीत. फोटो कोणी काढणार नाही. संस्कृती वगैरे त्यातून मिळाली तर मिळेल, माझी हमी नाही.

मुलगे कॅनडाला परत गेले. दोन्ही हिवाळ्यांत तिच्या नवऱ्याच्या नावानं गुरुद्वाऱ्यात जेवण झालं, आणि दोन्ही वेळा बाहेरून एक दाणाही आला नाही. मैत्रिणीचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून फळीच्या टोकाला तिच्यासाठी एक बुटकं स्टूल ठेवलं आहे. त्यावर बसून ती लाटते. त्या स्वयंपाकघरातून रोटी अजून गरमच बाहेर जाते.