नको म्हणणारा पाहुणा

लोधिवलीजवळच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते आणि नवरा लेथवर. घरातले दोन्ही पगार एकाच दारातून यायचे. सत्तर सालानंतर काम रोडावलं. विलायतेहून आलेल्या मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, हाँगकाँगचा एक चिनी व्यापारी येतोय. त्याची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर टाळं.

व्यापारी आला. साठीचा, सावकाश बोलणारा. त्याने आधी साहेबांच्या आईवडिलांची चौकशी केली, मग मुलाबाळांची. साहेब एका शब्दात उत्तरं देत घड्याळ बघत होते. जेवताना वाढप्याने पुन्हा भात आणला, तेव्हा पाहुणा नको म्हणाला. साहेबांनी लगेच ताटं उचलायला लावली आणि करार पुढे सरकवला. पाहुण्याने तो चाळला, छान आहे म्हणाला, विचार करून कळवतो म्हणाला. साहेब खूश. मी मात्र ओळखलं. मुलगी बघून गेलेली मंडळीही हेच म्हणतात.

"साहेब, ते नाही म्हणताहेत," मी म्हटलं.

"छान म्हणाले ते. तुम्ही टाइप करा."

पाहुण्याला कर्जत स्टेशनावर सोडायला मी जीपमध्ये बसले आणि वाटेत जीप सरळ आमच्या घराशी थांबवली. सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. दुसऱ्या भाकरीला पाहुणा हाताने नको म्हणाला. सासूबाईंना नको कधी ऐकूच यायचं नाही.

"घ्या वो पावनं. एवढ्यानं काय व्हतं माणसाला?"

त्यांनी भाकरी टाकलीच. तो पोटभर जेवला. त्याची आईही अशीच मासळी वाळवायची, त्याने मला इंग्रजीत सांगितलं, मी सासूबाईंना. निघताना म्हणाला, साहेबांना सांगा, मी परत येतो. त्यांच्या घरी जेवू, मग कामाचं बोलू.

दुसऱ्या दिवशी मी निरोप दिला. साहेबांनी तो ऐकला आणि माझ्याच हातून पत्र टाइप करून घेतलं: आठवड्यात सही करा, नाहीतर व्यवहार रद्द. शेवट जरा मऊ करू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, गरज नाही. माणूस वाईट नव्हता. पण घरी जेवायला बोलावणं म्हणजे त्यांना कामातला खोळंबा वाटायचा. मला त्यांचा तेव्हा राग आला, आजही येतो. पत्राला उत्तर आलं नाही आणि कारखान्याला टाळं लागलं.

नवरा मिळेल त्या कामाला जाऊ लागला. मी शिकवण्या धरल्या. पुढच्या वर्षी तो व्यापारी मुंबईला आला आणि घर लक्षात ठेवून थेट आमच्या दारात उभा राहिला, सासूबाईंसाठी चहाचा डबा घेऊन. कारखाना बंद पडल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. ते मी सांगितलं.

"ते पत्र वाचून मला वाटलं, मी तुम्हा कुणालाच नको आहे," तो म्हणाला.

सासूबाईंनी ताट केलं. त्या दिवशी टोपलीत दोनच भाकऱ्या होत्या. एक वाढून झाली, दुसरी घेऊन त्या समोर उभ्या राहिल्या.

"घ्या. लाजू नका."

तो नको म्हणाला. त्यांनी भाकरी पुढे केली. त्याची नजर रिकाम्या टोपलीवर गेली आणि त्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं नको ऐकलं.