ढेरप्पानं कान धरले

दोन हजार चोवीस साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मी ढेरप्पाच्या इज्जतीसाठी बेळगावातल्या थेटरातनं उठून बाहेर आलो. (बायकोलाही उठवलं. तिची इज्जत काही गेलेली नव्हती.)

ढेरप्पा म्हणजे आमच्या लहानपणी निपाणीकडं गावोगाव नाचणारा कळसूत्री बाहुला. पोट घागरीएवढं, मिशा कानापर्यंत! त्याच्यावर आता सिनेमा निघाला म्हणून आम्ही दोघं वीस वर्षांनी थेटरात गेलो. बघतो तर काय! तंगेव्वाची, म्हणजे स्वतःच्याच बायकोची म्हैस परस्पर विकून हा पठ्ठ्या, ती रुसून माहेरी गेली म्हणून, सासुरवाडीच्या दारात कान धरायला लागला!

मी उभाच राहिलो. "ढेरप्पा माफी मागत न्हाय! कधीच न्हाय!"

मागनं एक फेटेवाला म्हणाला, "आजोबा, बसा खाली. नव्या पोरांसाठी जरा बदललंय."

"अवो, त्याचा हात कोपरात वाकतच नव्हता! कान धरंल कसा?"

"कॉम्प्युटरनं वाकवला असंल."

"मग मिशा तरी कशाला ठेवल्या? त्या बी काढा!"

निम्मं थेटर माझ्या बाजूनं, निम्मं फेट्याच्या. मी बायकोचा हात धरला आणि ताठ मानेनं बाहेर!

गाडीत ती निपाणीपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसली. (मला वाटलं, नवऱ्याचा अभिमान वाटतोय.) घरात आल्यावर म्हणाली, "तंगेव्वा दार उघडती का न्हाय, ते बघायचं हुतं मला."

"खऱ्या खेळात असला शेवट नव्हताच!"

"हुता. आमच्या सदलग्यात दरसाली बघितलाय. कान धरायला हाताला येगळी दोरी हुती. तुमी कुठं असायचा तवा?"

मी आठवायला लागलो. म्हैस विकली की ढोलकी थांबायची आणि बाहुलीवाल्याची बायको सूप घेऊन फिरायची. ज्यानं त्यानं पसाभर जोंधळे घालायचे. सूप दिसलं रे दिसलं की मी पळायचो! दरसाली! मला वाटायचं, खेळ तिथंच संपतो. आणि ढेरप्पा मागत नाही म्हणून मीही लग्न झाल्यापासून बायकोची कधी माफी मागितली नव्हती. अर्धा खेळ बघून अख्खा संसार केला!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हणालो, "चुकलं माझं. चल, शेवट बघू."

सकाळच्या खेळाला थेटराच्या दारात ती म्हणाली, "तुमी भाईरच बसा. मधनंच उठवून आणण्यापरास बरं."

अडीच तास मी पायरीवर बसलो. आतनं माणसं हसत होती. ती डोळे पुसत बाहेर आली तेव्हा विचारलं, "उघडलं का गं दार?"

"घरला चला," म्हणाली. "बघू, सांगायचं का न्हाय ते."