शमसुन्निसाचा मेहर आणि बिजलीचे शेअर

यवतमाळात वाहिदभाई सरकीवाल्यांचा पत्ता विचारला, की माणसं आधी हसायची आणि मग पत्ता सांगायची. जिनिंगमध्ये कापसाची रुई वेगळी व्हायची, गाठी बांधून मुंबईला जायची आणि मागे जी सरकी उरायची ती वाहिदभाईंची. सरकी घाणीवाल्यांना, ढेप गुरंवाल्यांना, असा धंदा. घाटंजीच्या बाजारात त्यांची गाडी पोचायची आणि त्यांचा आवाज गाडीच्याही आधी पोचायचा. माणूस दिलदार होता. पण दोन गोष्टींचं नाव काढलं, की भडका उडालाच म्हणून समजा. एक व्याज आणि दुसरा इन्कम टॅक्स. व्याज घेणं धर्मात हराम, म्हणून ते घेत नसत. टॅक्स देणंही हराम असतं तर काय बहार आली असती, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

शिल्लक पडलेला पैसा ठेवायचा कुठे, हा मोठा घोर. पोस्टाची सर्टिफिकिटं होती, त्यांच्यावर टॅक्सही बसत नव्हता. गावातल्या व्यापाऱ्यांचे टॅक्साचे कागद पाहणारे वामनराव वकील स्वतः दर साली तीच घ्यायचे. पण सर्टिफिकिट म्हणजे पुन्हा व्याज. "ते आपल्याले नाही चालत," म्हणून वाहिदभाई हात झटकायचे. शेअर मात्र चालायचे. कंपनीत आपला वाटा, नफा झाला तर डिव्हिडंड, नाही झाला तर बसा बोंबलत. हा तर सरळ धंदा झाला! म्हणून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वाहिदभाई वामनरावांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, चहा प्यायचे आणि पेपरातले शेअरचे भाव मोठ्यानं वाचायचे, जणू आख्ख्या गल्लीनं पैसे लावले आहेत.

एकसष्ट साली एका बिजली कंपनीनं नवे शेअर काढले. शंभराला सात रुपये डिव्हिडंड देणारी कंपनी. वाहिदभाईंची लाळ गळायला लागली.

"घ्या, पण तुमच्या नावावर नका घेऊ," वामनराव म्हणाले. "तुमची कमाई आधीच वरच्या पायरीवर आहे. डिव्हिडंड आला, की टॅक्स बसलाच. ज्याचा डिव्हिडंड जाडा, तो शेअर अशा माणसाच्या नावावर पाह्यजे, ज्याले टॅक्स लागत नाही. कंपनीनं आधीच टॅक्स कापला, तं त्याले अर्ज करून वापस भेटते. अन् ज्याचा डिव्हिडंड बारीक पण भाव हळूहळू चढते, तो तुम्ही ठेवा."

"मंग सोपं आहे. शम्सूच्या नावावर टाकतो."

"तसं नाही जमत. बायकोले फुकट दिलेल्या पैशाची कमाई सरकार नवऱ्याचीच धरते."

"सरकारले काय करा लागते आमच्या बायकोशी?" वाहिदभाई असे गरजले, की ओसरीवरचं मांजर उठून अंगणात गेलं.

वामनरावांनी त्यांना बसवलं. "ऐका तं खरं. फुकट दिलं तं नाही चालत. पण तुमच्याकडे तिचं काही देणं असन अन् ते तुम्ही फेडलं, तं तो पैसा खराखुरा तिचा. तुमच्यात मेहर असते न? निकाहाच्या वेळी बायकोले द्यायचा कबूल करतात तो? दिला का तुम्ही?"

वाहिदभाईंचा चेहरा पडला. मेहर म्हणजे काय सांगावं! लग्न अडतीस साली कळंबला झालं. मेहर मोठा बोलला की घराण्याची शान वाढते, आणि देणार तर कोणीच नसतो, असा सगळीकडचा रिवाज. वाहिदभाईंच्या अब्बांनी भर मांडवात छाती पुढे काढून सांगितलं होतं, "लिहा काजीसाहेब, पाच हजार!" त्या दिवशी त्यांच्या घरात पाचशेही नव्हते. मग दोस्तांनी नवरदेवाला कानमंत्र दिला, की पहिल्याच भेटीत मेहर माफ करून घे, सगळेच घेतात. वाहिदभाईंनीही विचारलं होतं. नवी नवरी, डोक्यावर ओढणी, तिनं मान खाली घातली. वाहिदभाईंनी सुटलो म्हणून हुश्श केलं आणि तेवीस वर्षं तो विषय मनातून काढून टाकला.

"माफ होऊन गेला तो," वाहिदभाई बारीक आवाजात म्हणाले.

"अरेरे! मंग देणंच उरलं नाही. आता दिलं तं ती बक्षिसीच."

वाहिदभाई घरी आले ते असे, की जणू सरकीचा ढीग भिजला आहे. मेहर माफ झाला नसता तर बरं झालं असतं, असं हळहळणारा नवरा उभ्या जिल्ह्यात हा एकटाच असावा. त्यांच्या घरातली बोली हिंदी-उर्दूची, बाजारातली वऱ्हाडी, आणि नवराबायको भांडायला लागले की दोन्हीची खिचडी. शमसुन्निसा अंगणात ज्वारी पाखडत होती. दोन पोरींची लग्नं करून दिलेली, मुलगा नासिर नागपूरला शिकायला. बाई शांत, पण सूप हलवता हलवता सगळ्या मोहल्ल्याची खबर ठेवणारी.

"शम्सू, एक बात सांग. मेहर... तू माफ केलता न?"

सूप थांबलं. "कोणी?"

"तूच. मी विचारलं तवा मान नव्हती का हलवली?"

"हलवली नव्हती, खाली घातली होती. दिवसभर दागिन्यांच्या वजनानं मान दुखून राह्यली होती माही. मी तोंडातून एक लफ्ज काढला नाही, नासिरचे अब्बा. अल्ला गवाह आहे."

"म्हणजे माफ नाही केला?"

"नाही."

वाहिदभाईंनी आनंदानं टोपी उडवली. "शाब्बास! माही शेरनी!" ती बावचळून पाहतच राहिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. टॅक्स, पायरी, बिजली कंपनी. शमसुन्निसानं ज्वारीतले खडे वेचत ऐकून घेतलं आणि सरळ हात पुढे केला.

"मंग द्या."

इथं वाहिदभाईंच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांच्या मनात होतं, की कागदावर दिल्यासारखं करायचं आणि पैसा आपल्याच गल्ल्यात राहील. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी तीही वाट बंद केली. "ढोंग केलं तं जमणार नाही. तिच्या नावाचं बँकेत खातं काढा, पैसा तिथं जाऊ द्या. मंग त्यातून काय घ्यायचं ते ती पाहीन."

"म्हणजे सालाचे सत्तर-पंचाहत्तर रुपये टॅक्स वाचवायले मी पाच हजार हातचे घालवू?"

"बाहेर थोडेच जाते? घरातच तं राह्यते."

"वकीलसाहेब, तुमची बायको पैशाची मालक नाही, म्हणून तुमाले हे सुचून राह्यलं!"

तरी त्यांनी दिले. आता त्यात टॅक्साचा राग किती आणि बायकोपुढं माघार घ्यायची लाज किती, ते त्यांचं त्यांना माहीत. शमसुन्निसा बुरखा घालून बँकेत गेली, उर्दूत ठसठशीत सही केली आणि येताना बाजारातून पावशेर पेढे घेऊन आली. स्वतःच्या पैशानं. वाहिदभाईंनी पेढा खाल्ला, पण गिळताना त्यांना जड गेला.

मग खरी गंमत सुरू झाली. बिजलीपेक्षाही जाडा डिव्हिडंड देणारी एक कापडाची गिरणी वाहिदभाईंच्या नजरेत भरली. शंभराला दहा! ते म्हणाले, "हेच घे. कापसाचं आपल्याले कळते."

"तुमाले कळते म्हणूनच नको," शमसुन्निसा म्हणाली. "दुकान कापसावर, चूल कापसावर, अन् माहा मेहरही कापसातच घालू? ज्या साली कापूस मार खाईन, त्या साली तुमचंही बसन अन् माहंही. मंग कोणाकडं पाह्यचं?"

"अवं, पण दहा टक्के!"

"अन् बिजलीचं पाहा. मागं आपलं बिल दोन महिने थकलं, तं तार कापायले माणूस शिडी घेऊन आलता का नाही? तुमच्या उधारीवाल्याकडं तुम्ही चार चकरा मारता, तं तो चहा पाजून वापस पाठवते. शिडीवाला माणूस ज्या कंपनीजवळ आहे, तिचा पैसा नाही बुडत."

शहराजवळच्या लोहारा गावाकडे कारखाने येणार, अशी आवई तेव्हा गावात होतीच. कारखाना आला की वीज लागणार आणि बांधायला सिमेंट लागणार, एवढं तिनं स्वतःच जुळवलं. पैशाचा मोठा वाटा बिजलीत घातला, थोडा सिमेंटात. सिमेंटचा डिव्हिडंड बारीक होता, तो शेअर टॅक्स पाहता वाहिदभाईंच्या नावावर बरा, असं वामनराव सांगून थकले. बाई म्हणाली, माझ्या पैशाचं काही माझ्या नावावर वाढू द्या न.

तिचं सगळंच बरोबर आलं असं समजू नका बरं. प्रवासी मोटारी चालवणाऱ्या एका कंपनीतही तिनं चारशे रुपये घातले होते. का, तर त्यांचा ड्रायव्हर कळंबला तिच्या माहेराच्या दारापुढं गाडी थांबवायचा. जो ड्रायव्हर वाट्टेल तिथं थांबतो त्याची गाडी वेळेवर कशी पोचणार, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. त्या कंपनीचा डिव्हिडंड आजवर कोणी पाहिला नाही. वाहिदभाई महिन्यातून एकदा तरी विचारायचे, "काय शम्सू, मोटार आली का?" आणि ती म्हणायची, "येईन, रस्त्यात आहे."

बिजली मात्र चोख निघाली. दर साली डिव्हिडंड यायचा, कापलेला टॅक्स अर्ज करून परत मिळायचा, आणि ज्या दिवशी तो परत यायचा त्या दिवशी वाहिदभाई मोहल्ल्यात मिशांना पीळ देत फिरायचे, जणू दिल्लीला हरवून आले. पैसा बायकोचा, मिशा यांच्या! बासष्ट साली भाव चढणार अशी हवा होती, बाजारात सरकीचा मोठा सौदा मिळत होता आणि वाहिदभाईंना रोकड कमी पडत होती. त्यांनी तिच्या शेअरांकडं दोनदा पाहिलं. विकून दे म्हणायचं अगदी ओठावर आलं. पण ओठावरच राहिलं. तिचे आहेत, असं त्यांनी स्वतःलाच रागावून सांगितलं आणि सौदा अर्धाच घेतला.

चौसष्टच्या पावसाळ्यानंतर वाहिदभाईंना हिवतापानं गाठलं. ताप असा चढला, की दातावर दात वाजायला लागले आणि ते तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा निरोप घ्यायला लागले. डॉक्टर म्हणत होते, उतरेल. पण ऐकतो कोण? दुपारी नातेवाईक बाया जमल्या. सगळ्यांत पुढे हुस्नाबी फूफी, वाहिदभाईंच्या अब्बांची थोरली बहीण. सत्तरीची बाई, पण मोहल्ल्यात तिच्या शब्दापुढं कोणी जात नसे. शेजारची हलीमा उशाशी पंखा घेऊन बसली.

फूफीनं शमसुन्निसाला पलंगाजवळ ओढलं. "बेटी, वेळ सांगून येत नाही. मेहर माफ केला म्हण. मोठ्यानं म्हण, चार बायांच्या कानावर जाऊ दे. कर्ज घेऊन नको जाऊ देऊ माह्या पोराले."

रिवाजच तो. नवरा जायला निघाला, की बायकोनं तोंडानं सोडायचं. काहींना तर मय्यतीपुढं उभं करून म्हणायला लावत. रजईखाली वाहिदभाईंनी डोळे मिटून घेतले.

"काय माफ करू, फूफी?" शमसुन्निसा म्हणाली. "यायनं देऊन टाकला."

"काय देला?"

"मेहर. पाच हजार. तीन साल झाले."

हलीमाचा पंखा थांबला. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. ह्या मोहल्ल्यात मेहर बोललेला सगळ्यांनी ऐकला होता. दिलेला कोणी ऐकला नव्हता.

"पूरा?" फूफीनं विचारलं.

"पूरा. माह्या खात्यात. माह्या सहीनं."

हुस्नाबी फूफी पलंगाच्या काठावर बसली. मग म्हणाली, "मले तं माह्या नवऱ्याच्या, यायच्या फूफाच्या, मय्यतीपुढं उभं केलतं. मी रडून राह्यली होती, बोलताही येत नव्हतं. माह्या जेठानीनंच सांगून टाकलं, केला माफ म्हणते. मले कोणी विचारलंही नाही." तिनं वाहिदभाईंच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. "जीता रह, बेटा. आमच्या खानदानात एक तरी मर्द निघाला." आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. हलीमाही रडली. वाहिदभाईंना वाटलं, जमीन फाटावी आणि पलंगासकट आत घ्यावं.

बाया गेल्या. शमसुन्निसा कपाळावरची पट्टी बदलायला आली, तेव्हा ते पडल्या पडल्या म्हणाले, "शम्सू, तू त्यायले खरं काहून नाही सांगितलं? मी तं टॅक्साच्या पायी देलता. सत्तर रुपयांच्या पायी."

"मले माहीत आहे न."

"मंग?"

"मंग काय? दुसऱ्यायनं इज्जतीच्या पायी बोलला अन् देला नाही. तुम्ही टॅक्साच्या पायी देला, पण देला." तिनं पट्टी पिळून पुन्हा ठेवली. "मागच्या साली सौद्याले पैसे पाह्यजे होते, तरी माह्या शेअरांचं नाव नाही काढलं तुम्ही. मी वाट पाहून राह्यली होती, आता काढतात का मंग काढतात. तो तं टॅक्स नव्हता न?"

"मागच्या साली नाही, बासष्टले," वाहिदभाई पुटपुटले. ताप असल्यामुळे डोळ्यातलं पाणी खपून गेलं.

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "अन् मी देला नसता, तं? आज फूफी म्हणत होती तवा माफ केला असता का नाही?"

शमसुन्निसानं त्यांच्या अंगावरची रजई नीट केली, चारही बाजूंनी खोचली आणि त्यांच्याकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

वाहिदभाई असे हसले, असे हसले, की हलीमा भिंतीपलीकडून ओरडली, काय झालं, काय झालं म्हणून. त्यांना रजईखाली दरदरून घाम फुटला होता आणि ताप उतरत होता.